हौदातले बेडूक

बेडूक दाबावा लागतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण काम तेवढंच आहे. डाव्या हाताने त्याला पोटाखालून धरायचं, तोंड आपल्यापासून लांब ठेवायचं आणि उजव्या अंगठ्याने डोळ्यामागच्या फुगीर गाठीवर हळू दाब द्यायचा. हातमोजे आणि चष्मा हवाच. गाठीतून दुधासारखा चीक येतो, तो काचेच्या पट्टीवर घ्यायचा. बेडूक एकदोनदा पाय झाडतो, बहुतेक वेळा मुततो आणि मग गप्प बसतो. त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. मारायचा नाही. परवानगीच्या कागदात तशी अट आहे, आणि मारायची मला गरजही नव्हती.

पुस्तकात याला भेक म्हणतात. खडबडीत अंगाचा, जमिनीवर राहणारा, घराच्या कोपऱ्यात दगडासारखा बसून राहणारा. आमच्याकडे सगळे बेडूकच. याला दात नाहीत, नखं नाहीत, धड लांब उडीही मारता येत नाही. कुत्र्याने तोंडात धरला तर कुत्रं फेस गाळत सुटतं, ते या चिकामुळे. पण माझा विषय कुत्रं नव्हतं. हा प्राणी जन्मभर ओल्या घाणीत राहतो आणि तरी त्याचं अंग सडत नाही, साधा ओरखडा चिघळत नाही. या चिकात जंतू मारणारं काही आहे का आणि असलं तर किती, एवढंच मला पाहायचं होतं.

मी चिखलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा नवरा होता आणि मुलगी शाळेत जात होती. मग नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं, मुलीचं लग्न. प्रत्येक वेळी मी मुदतवाढीचा अर्ज केला आणि प्रत्येक वेळी ती मिळाली. शेवटच्या वेळी देणाऱ्याने स्पष्ट सांगितलं की, मॅडम, यानंतर नाही. प्रबंध वेळेत दिला नाही तर नोंदणी रद्द. या वयात त्या पदवीने माझं फारसं काही बदलणार नव्हतं. पण आयुष्यात बाकी जे काही केलं ते कोणाच्या तरी गरजेसाठी केलं होतं. हे एक काम मी स्वतः मागून घेतलं होतं, आणि ते अर्धवट राहिलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते आणि नळाला पाणी येईलच अशी खात्री नसते. म्हणून बेडूक घरी ठेवले. मी अमडापूरला राहते. घर साधंच, स्लॅबचं, पण मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे आणि त्यावर कडुनिंबाची गार सावली असते. हौदात थोडं पाणी, एका बाजूला माती आणि विटा, वरून जाळी. सकाळी चीक काढायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा, स्कूटीवरून चिखलीला न्यायचा. पुढचं काम तिथे.

लोकांना सांगण्यासारखा हा विषय नाही हे मला लवकर कळलं. स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की खुर्च्या जरा सरकायच्या. एक सहकारी दर दोन दिवसांनी विचारायचे, "मॅडम, आज भाजीत उडी मारणारं काही नाही ना?" पहिल्यांदा मी हसले. नंतर डबा प्रयोगशाळेतच खायला लागले. गावात पिठाच्या गिरणीवर कोणी म्हणायचं, "मॅडम, तुमच्या पाव्हण्याइले सांगा ना पाणी पाडाले." शेजारी बांगड्यांचं दुकान असलेली चाची राहते. ती भिंतीवरून डोकावून म्हणाली, "लोग मुर्गी पालते, बाई. तुम मेंढक. अंडा तो देते क्या?"

"देते हैं चाची. हजारों में."

"तौबा!" म्हणून ती भिंतीआड गेली, आणि त्या आठवड्यात कोणीतरी माझ्याशी बोललं असं तेच.

घरात आम्ही दोघी. मी आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणते. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, डोळे मात्र शाबूत. नवरा गेल्यावर ती तिच्या भावाकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही, मीही जा म्हणाले नाही. आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. गॅस संपत आलाय, गोळी घेतली का, दळण आणलं. एवढ्यावर आमचे दिवस निघत होते. आम्ही दोघी एकाच माणसाच्या होतो आणि तो माणूस मधून निघून गेल्यावर एकमेकींना काय म्हणायचं ते आम्हाला सुचलं नाही, असं मला वाटतं. याचा मी फार विचार करत नसे. सकाळी निघायची घाई असते.

मी नाल्याकाठचे पहिले बेडूक आणले त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"हे कायले आणले?"

"कामासाठी."

"खातीन काय?"

"किडे."

"बाप्पा! आपल्याकडं किड्याइले काय तोटा हाय."

मग मी तिला सांगायचा प्रयत्न केला की यांच्या अंगातून जंतू मारणारं औषध निघतं का ते पाहायचं आहे. तिने जाळीवर वाकून पाहिलं. "याइच्याच अंगावर येवढे फोडं हायेत. हे दुसऱ्याइले काय औषध देतीन?" एवढं बोलून ती आत गेली. मी हातातलं काम पुढे चालू ठेवलं.

प्रयोग सोपा असतो. काचेच्या पसरट बशीत जंतूंचं खाद्य थिजवायचं, त्यावर जंतू पसरायचे. माझ्याकडे दोन जातीचे होते: एक गळवात पू करणारे आणि एक हगवणीचे. त्यावर कुंकवाच्या टिकलीएवढे कागद ठेवायचे, कागदाला चीक लावलेला. एका कागदाला नुसतं शुद्ध पाणी, तुलनेसाठी. रात्रभर उबेत ठेवलं की बशीभर जंतूंची पातळ साय धरते. चिकात दम असेल तर कागदाभोवती ती साय धरत नाही. तेवढं वर्तुळ मोकळं, स्वच्छ राहतं. ते मोजायचं.

माझी वर्तुळं मोठी आली. पहिल्या वेळी मला वाटलं की माझंच काहीतरी चुकलं असेल. पुन्हा केलं, पुन्हा तशीच. पुढच्या पावसाळ्यातही तशीच, दोन्ही जातींवर. मी बशी उजेडात धरून पाहत राहिले. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "वा, आई! मी मीटिंगमध्ये आहे गं, रात्री बोलू." रात्री ती विसरली. तिच्या जागी मी असते तर मीही विसरले असते. घरी आत्याबाईंना म्हणाले, "आज काम चांगलं झालं."

"हाव का," ती म्हणाली. "ताट घेऊ?"

माझे मार्गदर्शक अमरावतीला असतात, निवृत्तीला आलेले. ते मात्र खूश झाले. फक्त एक गोष्ट म्हणाले, "सगळे प्राणी तुमच्या एकाच हौदातले आहेत. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. दुसऱ्या भागातले थोडे बेडूक घ्या, तेच आकडे दाखवा आणि संपवून टाका."

वरवट बकालला माझी एक जुनी विद्यार्थिनी दिली आहे. त्यांच्या शेतात विहिरीजवळ बेडूक भरपूर असतात असं ती एकदा म्हणाली होती. मी गेले, संध्याकाळी विहिरीच्या कडेने बॅटरी घेऊन फिरले, बादलीत ओलं गोणपाट घालून बेडूक घेतले आणि सकाळी शेगावमार्गे एसटीने निघाले. शेगावला गाडी बदलली, तिथे शेजारी एक बाई बसली. तिने माझ्या मांडीवरची झाकलेली बादली पाहिली, मी देवस्थानाच्या गावी बसले हे पाहिलं आणि बादलीला दोन्ही हात जोडले. "परसाद हाय का, ताई?" मी काही बोलायच्या आत बादलीतून आवाज आला. बाईने हात मागे घेतले आणि पुढच्या थांब्याला जागा बदलली. खामगावपर्यंत दोघांच्या बाकावर मी एकटीच होते. बादली खाली ठेवायला जागा झाली, हे बरं झालं.

हे बेडूक मी घरी आणले नाहीत. दोन गावचे मिसळायला नकोत म्हणून कॉलेजातच एका जुन्या काचेच्या टाकीत ठेवले, पाणी कॅनने नेलं. चीक काढला, बशा लावल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पूवाल्या जंतूंवर मसुराच्या दाण्याएवढी मोकळी जागा आणि हगवणीच्या जंतूंवर काहीच नाही. पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. त्याच दिवशी घरच्या बेडकांचा चीक लावला, तर वर्तुळ चांगलं रुपयाएवढं.

एकाच जातीचे प्राणी. एकाच ऋतूतले. एवढा फरक असायला नको. आठवडाभर मी एकेक गोष्ट तपासली. हातमोजे, बर्फाचा डबा, काचेच्या पट्ट्या, साबण. हौदातली पानं मी रोज काढत असे, तरी हौदाचं पाणी तपासलं. त्यात काही नव्हतं. शेवटी घरच्या बेडकांचं नुसतं अंग धुतलेलं पाणी कागदाला लावलं, गाठी न दाबता. त्याचंही वर्तुळ आलं. म्हणजे जे काही जंतू मारत होतं ते बेडकाच्या आतून येत नव्हतं. ते त्याच्या अंगावर होतं. कुठून आलं, ते मला कळत नव्हतं, आणि प्रबंध द्यायची वेळ जवळ आली होती.

त्या दिवसांत माझं तोंड उतरलेलं असणार. आरशात पाहायची मला सवय नाही.

मग एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. संस्थेचे कोणी जुने पदाधिकारी वारले होते. गावात शिरताना स्कूटी पंक्चर झाली, ती दुकानावर सोडून मी चालत घरी आले. मागच्या बाजूने आले, कारण तो रस्ता जवळचा. अंगणातून आवाज येत होता. कोणी आलंय असं वाटून मी भिंतीशी थांबले.

आत्याबाई बोलत होती.

"ये. लाजू नको. कोमट हाय, पोळत नाई. हां, मान वर कर. असं." पाण्याचा आवाज. "तुह्या बायकोले पण घालतो, तिले म्हना थांब. घाई कायची हाय? कोणाले हापिसात जायचं हाय का इथं?"

मग जाळी सरकल्याचा आवाज. मग पुन्हा.

"तुमची मास्तरीण कालपण बोलली नाई. आली, तोंड धुतलं, मोबाइल घेऊन बसली. आठ रोज झाले, जेवून नाई राह्यली नीट. मले वाटलं इचारावं, काय झालं व, तोंड काऊन उतरलं? पण इचारलं का म्हन्ते, काही नाही आत्याबाई. काही नाही म्हन्ते! तिले वाटते मले समजत नाई. मले सारं समजते. फक्त कोणी सांगत नाई." पुन्हा पाणी. "माह्या पोराले अश्शीच आंघोळ घालो मी, माता आली होती तेव्हा. तिळभर जागा नोती रिकामी अंगावर. निंबाच्या पाल्यानं उतरलं सारं. तुमचं काऊन नाई उतरत रे? केवढ्या दिसाचं हाय हे?"

आधी मला निंब ऐकू आला. बाकीचं सगळं नंतर ऐकू आलं.

आमच्या घरात देव नाहीत. सासऱ्यांनी ते केव्हाच काढले. पण अंगावर पुरळ उठलं की त्याला माता म्हणायचं आणि कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालायची, हे आमच्या भागात कोणत्याही घरातून गेलेलं नाही. माझ्या मुलीला गोवर झाला तेव्हा मीही घातली होती. बेडकाच्या अंगावरच्या गाठी पाहून आत्याबाईंना जे वाटलं ते तिच्या वयाच्या कोणत्याही बाईला वाटलं असतं. आणि कडुनिंब जंतू मारतो हे मी कॉलेजात शिकवते.

मी भिंतीआडून पुढे आले. तिच्यासमोर घमेलं होतं, हिरवट पाणी, त्यात पाला. हातात बेडूक. दुसरा तिच्या पायाजवळ ओला बसलेला, पळून न जाता.

"आत्याबाई, काय करताय?"

ती दचकली नाही. "दिसत नाई का? आंघोळ घालून राह्यली."

"कधीपासून?"

"तू आणले तेव्हापासून. तू सकाळी दाबून जातं त्याइले. मंग ते दिवसभर असे बसून राह्यतेत."

"रोज?"

"आंघोळ रोजच असते व."

"अहो, ते फोड नाहीत. त्यांची कातडीच तशी असते. जन्मापासून."

"जन्मापासून कोणाले फोडं असतेत?" तिने बेडकाला पदराच्या टोकाने पुसलं. "येवढी शिकली, अन तुले माता ओळखू येत नाई."

मला हसू आलं नाही. दोन पावसाळ्यांचं काम त्या घमेल्यात होतं. मी म्हणाले की माझं सगळं काम बिघडलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी काय म्हणते ते तिला कळलं नसावं, पण आवाज कळला. तिने बेडूक हौदात सोडला, घमेलं तिरकं करून पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि आत गेली.

मार्गदर्शकांना फोन केला. ते आधी मनापासून हसले. मग म्हणाले, "मॅडम, हे लिहायची गरज आहे का? वरवटचे बेडूक वगळा, अमडापूरचे ठेवा. फोटो स्पष्ट आहेत. तुमच्या अंगणात कोण पाहायला येणार आहे?"

"सर, ते कडुनिंबाचे फोटो आहेत."

"तुमच्याकडे वेळ किती आहे?"

"फारसा नाही."

"मग?"

"मग जेवढं खरं येईल तेवढं देते."

"बघा," म्हणाले. हे सांगून मला हलकं वाटलं, असं काही झालं नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी शिकवते की तुलनेचा कागद खोटा असेल तर बाकीची बशी फेकून द्यायची. ते तोंडाने शिकवायचं आणि आपली बशी कपाटात ठेवायची, हे मला जमलं नसतं. मी सगळ्या जुन्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि नव्याने सुरू केलं.

आत्याबाईंना मी एक तोड सुचवली. वाटलं, यात कामही होईल आणि तिचंही राहील. चिखलीच्या नाल्याकाठचे ताजे बेडूक आणून प्लॅस्टिकच्या टबात ठेवले, हौदापासून लांब. म्हणाले, "हौदातल्यांना तुम्ही खुशाल आंघोळ घाला. टबातल्यांना हात लावायचा नाही. मला दोघांतला फरक पाहायचा आहे."

"हाव," ती म्हणाली.

काही दिवसांनी टबातला बेडूक हातात घेतला तर बोटांना कडू वास.

"आत्याबाई, यांना घातली?"

"मंग काय करू? इकडं आंघोळ चालली का ते तिकून टुकूटुकू पाहत. त्याइनं काय पाप केलं होतं?"

एका घमेल्यात आंघोळ घालताना दुसऱ्याला कोरडं ठेवायचं, हे तिला आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं आणि मी शिकवू शकले नसते. त्याच रविवारी मी सगळे बेडूक घरातून हलवले. हौदातले आणि टबातले, जिथून आणले होते तिथे, नाल्याकाठी सोडले. नवे पकडले ते थेट कॉलेजच्या काचेच्या टाकीत गेले. मी बादल्या स्कूटीवर बांधत होते तेव्हा ती दाराच्या पायरीवर बसली होती. एवढंच म्हणाली, "आजचं पाणी तापवलं होतं म्या." मी निघून गेल्यावर ते तिने मोगऱ्याला घातलं असावं. परत आले तेव्हा मोगऱ्याखाली पाल्याचा चोथा पडला होता. मी हौद घासून विटा कडेला रचून ठेवल्या.

त्यानंतर घर फार शांत झालं. आधीही शांतच होतं. पण आधी मला माहीत नव्हतं की मी गेल्यावर या घरात दिवसभर बोलणं चालायचं. आता दारात गाडी लावताना मी कान देत असे. काही नसायचं. टीव्हीसुद्धा नाही.

मी बोलून पाहिलं नाही असं नाही. सुट्टीच्या दिवशी खुर्ची अंगणात नेऊन तिच्याजवळ बसले. म्हणाले, "आत्याबाई, सांगा ना काही."

"काय सांगू?"

"काहीही."

"सांगासारखं काय हाय?"

मी तिला विचारू शकले असते की माता आली तेव्हा तुमचा मुलगा केवढा होता. त्याच्याबद्दलची ही गोष्ट मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्यानेही नाही. पण विचारलं असतं तर मी भिंतीआड उभी राहून ऐकलं हे तिला कळलं असतं. मग ती रिकाम्या अंगणातसुद्धा बोलली नसती. म्हणून मी विचारलं नाही. आम्ही दोघी बसून राहिलो. चाचीने पलीकडून पाहिलं आणि मागे फिरली.

एक मात्र मी सुरू केलं. रोज आल्यावर दिवसातली एक गोष्ट सांगायची, तिने विचारो न विचारो. आज टाकीचं पाणी बदललं. आज एका पोराने बेडूक पाहून आरोळी ठोकली. आज बशा लावल्या. ती "हाव का" म्हणायची. कधी मान हलवायची. माझं सांगणं अहवाल वाचल्यासारखं होतं, हे मलाही समजत होतं. तिच्यासारखं बेडकांसमोर बोलले असते तर ते बरं जमलं असतं.

नव्या बशा आल्या त्या वरवटच्या बेडकांसारख्याच. पूवाल्या जंतूंवर लहान वर्तुळ, पण प्रत्येक वेळी तेवढंच, न चुकता. हगवणीच्या जंतूंवर नाही म्हणण्याइतकंच. म्हणजे चिकात काहीतरी आहे, खरंच आहे, फक्त थोडं आहे आणि सगळ्यांवर चालत नाही. मी तेच लिहिलं. घरी ठेवलेल्या प्राण्यांच्या नोंदी वनस्पतीजन्य अंशामुळे वगळल्या आहेत, असं एक वाक्य घातलं. मुदत संपायच्या आधी प्रबंध बांधून अमरावतीला देऊन आले. सरांनी पानं चाळली, शेवटचा तक्ता पाहिला आणि म्हणाले, "लहान आहे. पण आहे." बसस्टँडवर चहा घेतला. कोणाला फोन करावासा वाटला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आत्याबाई पायरीवर होती. मी चप्पल काढून तिच्या शेजारी बसले आणि मोबाइलमधला फोटो काढून तिच्यापुढे धरला.

"हे काय हाय?"

"आज देऊन आले ते काम. हा बेडकाचा चीक. त्याच्याभोवती ही मोकळी जागा दिसते ना, तिथले जंतू मेले."

"येवढुसंच?"

"एवढंच."

तिने बोट लावलं, फोटो सरकला आणि जुना फोटो आला. "अन हे? हे त केवढं मोठं हाय!"

"ते आधीचे. हौदातले. ते बेडकांचं नाही, निंबाच्या पाण्याचं."

"म्हंजे माह्यं."

"हो. तुमचं."

तिने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "मंग हे द्या लागत होतं ना व पुस्तकात. हे चांगलं दिसते."

"ते नाही देता येत."

"काऊन?"

"पुस्तक बेडकांचं आहे."

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ ती त्या फोटोकडेच पाहत होती. मग विचारलं, "आता कुठी असतीन ते?"

"नाल्याकाठी. तिथेच सोडले."

"कोण पाहत असन त्याइच्याकडं?"

"कोणी नाही. त्यांना कोणी लागत नाही, आत्याबाई. ते एकेकटेच राहतात."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर तळवा टेकून, दाराची चौकट धरून उठली.

"असं तुले वाटते," म्हणाली, आणि आत गेली.